माथा नसलेले बुरुज : सार्डिनियातले पाच दिवस

भूमध्य समुद्रातल्या सार्डिनिया बेटावर सात हजारांहून जास्त दगडी बुरुज आहेत. शेतात, टेकडीवर, हमरस्त्याला खेटून, आणि एक तर चक्क घराच्या पोटात. त्यांना ‘नुरागे’ म्हणतात, अनेकवचन ‘नुरागी’. इ.स.पू. १८०० ते ११०० या कांस्ययुगातल्या काळात ते उभे राहिले. चुना नाही, नुसता दगडावर दगड. बांधणाऱ्यांनी लिहिलेलं एक अक्षरही मागे राहिलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी, नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळे बुरुज सारखेच दिसायला लागतात. यातल्या एकाचाही माथा जागेवर नाही. आज दिसतो तो छाटलेला शंकू. त्याचं डोकं कसं होतं याचा पुरावा संग्रहालयांत आहे, हाताएवढ्या दगडी आणि कांस्य प्रतिकृतींत. म्हणून नुसते बुरुज बघत सुटू नये. एक संग्रहालय, एक बुरुज, पुन्हा संग्रहालय, असा क्रम ठेवावा.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. मुंबईहून रोममार्गे कालियारी, तिथून भाड्याची लहान गाडी. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना (आयडीपी) लागतो, तो घरूनच काढून न्यावा. एसटीसारख्या बस गावोगावी जातात, पण दिवसाला मोजक्या आणि रविवारी जवळजवळ नाहीतच. बुरुज गावाबाहेर असतात, त्यामुळे बसच्या भरवशावर दिवसाला एकच ठिकाण पदरात पडतं.

दिवस पहिला : कालियारी

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय जुन्या शहराच्या टेकडीवर, कास्तेल्लो भागात आहे. गाडी खालीच लावावी. वरच्या गल्ल्यांत फक्त रहिवाशांच्या गाड्यांना परवानगी असते आणि कॅमेरे दंडाची पावती बिनचूक घरी पाठवतात.

इथे गर्दी असते ती ‘ब्रॉन्झेत्ती’पुढे. वीतभर उंचीच्या या कांस्य मूर्तींत धनुर्धर आहेत, खांद्यावर झगा आणि हातात काठी घेतलेला गावप्रमुख आहे, पुढच्या टोकाला जनावराचं तोंड असलेल्या छोट्या होड्या आहेत. त्या बघाव्यातच. पण पुढच्या चार दिवसांसाठी खरी शोधायची वस्तू म्हणजे नुरागेची प्रतिकृती. बारुमिनीच्या उत्खननात सापडलेली एक चुनखडीची आहे, तर मोंते प्रामाच्या पुतळ्यांसोबत सापडलेल्या मोठ्या आहेत, एका खोडाभोवती चार बुरुज अशा. बुरुजाच्या टोकाशी नीट बघा. भिंत वर जाताना आत कलत येते आणि अगदी वर एकदम बाहेर झेपावते. त्या झेपेखाली उभ्या रेघांची ओळ दिसते. त्या रेघा म्हणजे भिंतीबाहेर काढलेले लांब दगडी कंस. त्यांच्यावर कठडा, कठड्याआड गच्ची. वाड्याचा सज्जा जसा लाकडी घोड्यांवर (कंसांवर) पेलतात, तसाच प्रकार, फक्त वीस मीटरच्या आसपास उंचीवर आणि सगळीकडून गोल. हे चित्र डोक्यात बसलं की मग शेतात पडलेला एक लांबोडका दगड ‘नुसता दगड’ राहत नाही.

मोंते प्रामाचे पुतळे म्हणजे माणसाहून उंच योद्धे, धनुर्धर आणि डोक्यावर ढाल धरलेले मुष्टियोद्धे. १९७४ साली शेत नांगरताना ते हाती लागले, पाच हजारांहून जास्त तुकड्यांत. डोळ्यांच्या जागी नुसती एकात एक दोन वर्तुळं. काही पुतळे कालियारीत आहेत, बाकीचे काब्रास गावच्या संग्रहालयात.

संध्याकाळी साठेक किलोमीटर उत्तरेला बारुमिनी. वाटेत लास प्लास्सासची शंकूसारखी टेकडी आणि तिच्या टोकावर पडक्या किल्ल्याचे दोन दात. मुक्काम शेतावरच्या घरी, ज्याला इथे ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात. ताटात माल्लोरेद्दुस आले. बघताच कुणालाही लग्नघरातल्या रुखवताची आठवण व्हावी : गव्हले, नखुल्या, मालत्या यांच्याच घराण्यातले, कणकेचे बोटाच्या पेराएवढे शिंपले, अंगठ्याने दाबून वळलेले, पाठीवर रेघा. आपण त्याची खीर करतो, हे लोक टोमॅटो, केशर आणि मेंढीच्या चीजसोबत खातात. रश्शात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. शाकाहारी असाल तर ‘सेन्झा कार्ने’ (मांस नको) एवढ्यावर थांबू नका, ‘सेन्झा साल्सिच्चा’ असं नाव घेऊन सांगा. सॉसेजला मांस न समजणारे स्वयंपाकी इथेही भेटतात.

दिवस दुसरा : सू नुराझी, बारुमिनी

‘सू नुराझी’ म्हणजे ‘नुरागे’च. दक्षिणेकडच्या बोलीत त्याला नुराझी म्हणतात. त्यातला झ ‘झाड’मधला नव्हे, ‘झेंडा’मधल्याच्या जवळचा, पण जीभ आणखी सैल सोडून. म्हणजे सार्डिनियातल्या सर्वांत प्रसिद्ध नुरागेचं नाव नुसतं ‘तो बुरुज’ असं आहे. १९९७ साली युनेस्कोच्या यादीत आला. १९५० च्या दशकापर्यंत ही मातीने झाकलेली टेकडी होती. ती उकरली जोव्हान्नी लिल्लिऊ यांनी, आणि ते याच गावचे, जन्म १९१४. गावाबाहेरच्या टेकडाखाली काय आहे याचा छडा गावच्याच पोराने लावला, हे इथल्या गाईड बाई तिकीट फाडता फाडताच सांगून टाकतात.

आत एकटं सोडत नाहीत. दर अर्ध्या तासाने गट निघतो, फेरी तासाभराची. इंग्रजी बोलणारा गाईड कोणत्या गटाला आहे ते खिडकीवर विचारून घ्यावं. सकाळचा पहिला गट लहान असतो. तिकीट एकच, त्यात गावातलं कासा झापाता संग्रहालयही येतं, तेव्हा ते जपून ठेवा.

रचना अशी. मधोमध सर्वांत जुना बुरुज. मूळची उंची १८.६ मीटर धरतात, आत एकावर एक तीन खोल्या. आज साधारण चौदा मीटर उरला आहे. नंतर त्याच्याभोवती चार दिशांना चार बुरुज बांधून ते तटाने जोडले, मध्ये अंगण राहिलं. अंगणात सुमारे वीस मीटर खोल विहीर आहे, तिला आजही पाणी असतं. बाहेरून आणखी एक तट, त्याला सात बुरुज. आणि त्या सगळ्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखं चिकटलेलं गाव.

किल्ले फिरणाऱ्याला शब्द शोधावे लागत नाहीत, जंग्या (मारा करायच्या भिंतीतल्या फटी), देवडी, तट सगळं ओळखीचं आहे. पण एक गोष्ट कोड्यात टाकते. चारही बुरुजांना जंग्यांच्या रांगा होत्या, आणि पुढे याच लोकांनी सबंध तटाला बाहेरून तीन मीटर जाडीचं दुसरं अस्तर चढवलं. खालच्या जंग्या त्यात बुजल्या. जमिनीवरचा दरवाजाही बंद केला आणि नवा सुमारे सात मीटर उंचीवर काढला. भिंत फुगू लागली होती म्हणून की हल्ल्याच्या भीतीने, दोन्ही कारणं दिली जातात. आतून हाताने चाचपली तर जंगीची चीर लागते, आणि चिरेच्या तोंडाशी दुसऱ्या भिंतीचा दगड.

आज लोखंडी जिन्याने वर चढून मग आत खाली अंगणात उतरतात. उतरण्याची वाट अरुंद, पायऱ्या ओबडधोबड, कुठे गुडघ्याएवढ्या. पाठीवरची मोठी बॅग बाहेरच ठेवावी, आत ती दोन्ही बाजूंना घासते. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी वरूनच बघून बाहेरचं गाव फिरावं, त्यात काही कमीपणा नाही. रात्री पाऊस झाला असेल तर शेवाळ आणि दगडफूल यांनी बसाल्ट साबणासारखा होतो. कडक तळव्याचे बूट घसरतात, मऊ रबराचे हवेत.

मधल्या बुरुजाच्या तळखोलीत उभं राहून मान वर केली की सगळी युक्ती समोर येते. खोली गोल आहे. दगडांचं प्रत्येक कडं खालच्या कड्यापेक्षा थोडं आत सरकवलं आहे. हेमाडपंती देवळाच्या छतात थर पुढे काढत नेतात, तेच तत्त्व. एका कड्यातले दगड एकमेकांना बाजूने रेटून धरतात, त्यामुळे कडं पूर्ण झालं की ते आत पडू शकत नाही आणि खालून लाकडी आधाराची गरज उरत नाही. शेवटी भोक एका दगडाने झाकलं की झालं. मोठ्या दगडांच्या फटींत छोट्या चिपा ठोकलेल्या दिसतात. त्या भरणा नाहीत, पाचरी आहेत. चिपा निखळल्या की कडं सैल पडतं, दगड हलतो आणि पाणी आत शिरून मागची माती धुऊन नेतं. पडझड बहुधा अशीच सुरू होते, वरून नव्हे. म्हणून चिपांना हात लावू नका, असं गाईड बाई तीनदा बजावतात आणि तिसऱ्यांदा आवाज चढवतात.

दरवाजाच्या वर बघितलं की आडव्या शिळेच्या डोक्यावर छोटी खिडकी दिसते. तिच्यातून कुणी डोकावत नव्हतं. शिळेच्या मधोमध भार येऊ नये, तो दोन्ही टोकांवर जावा, यासाठी ती पोकळी ठेवली आहे. जिथे ही खिडकी नसते तिथे आडवी शिळा मधोमध तडकलेली सापडली तर नवल नाही.

खाली गावात दगडी गोल घरांचे पाये आहेत, भिंती कुठे छातीएवढ्या. वर फांद्यांचं शंकूसारखं छप्पर होतं. इ.स.पू. १००० ते ७०० च्या सुमारास आपल्याकडे घोड नदीकाठी इनामगावातही लोक गोल झोपड्यांत राहत होते. तिथे माती आणि काटक्या होत्या म्हणून आज फक्त खांबांचे खड्डे उरले. इथे दगड होता म्हणून दाराचा उंबरठाही जागेवर आहे. एका मोठ्या गोल घरात भिंतीलगत दगडी ओटा फिरवला आहे, भिंतीत कोनाडे. ही बैठकीची जागा. काल कालियारीत पाहिलेली चुनखडीची प्रतिकृती याच घरातली. म्हणजे बुरुजाच्या पायथ्याशी बसून चर्चा करणाऱ्यांच्या मध्ये बुरुजाचीच मूर्ती होती. तोवर तो पहाऱ्याचा बुरुज राहिला नव्हता, दैवत झाला होता, असं अभ्यासक म्हणतात आणि ते पटतं.

कासा झापाता. दुपारी गावात. झापाता हे इथले स्पॅनिश सरंजामदार, त्यांचा हा वाडा. १९९० मध्ये दुरुस्ती करताना फरशीखाली भलताच पाया लागला : वाडा एका नुरागेवर बसवलेला होता. शेजारी चर्च म्हणून त्याचं नाव ‘नुराझी ए क्रेझिया’, म्हणजे देवळाचा बुरुज. आता वाड्याच्या आत टांगलेल्या मार्गिकेवरून चालायचं, पायाखाली काच आणि काचेखाली बुरुज. बाहेर फक्त खालून बघायला मिळतो, इथे वरून, जणू फळ आडवं कापलंय : मधली खोली, जाड भिंत, भिंतीच्या जाडीत घातलेला जिना. जिना भिंतीत कसा मावतो हे ज्याला सू नुराझीत उमगलं नाही त्याला इथे दोन मिनिटांत उमगतं. हे संग्रहालय टाळून पुढच्या गावी पळणारे बरेच दिसले. चूक करतात.

सू नुराझीत सापडलेली जाती, चात्या, मडकी इथेच आहेत. दुसऱ्या भागात लौनेद्दास, बोरूची तीन नळ्यांची सार्डिनियन सनई. वाजवणारा नाकाने श्वास घेत गालांतली हवा सोडत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. आपल्या सुंद्रीवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

दिवस तिसरा : जारा आणि व्हिल्लानोव्हाफोर्रू

सू नुराझीचा दगड आला कुठून ते बघायला सकाळी जारा दि जेस्तुरीवर. साडेपाचशे मीटर उंचीचं सपाट पठार, पंचेचाळीस चौरस किलोमीटर, कोकणातल्या सड्याची आठवण करून देणारं. सुमारे २७ लाख वर्षांपूर्वी लाव्हा पसरला. बाजूची मऊ माती झिजून गेली, लाव्ह्याचं झाकण तेवढं उंचावर राहिलं. आपला सह्याद्रीचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्यापुढे हा कालचा, पण हातात धरला तर फरक सांगता येणार नाही. वर बुचाच्या ओकांचं रान आहे, साल काढलेले बुंधे गेरूने रंगवल्यासारखे लाल. ठेंगणे रानटी घोडे ‘पाऊली’ नावाच्या उथळ डबक्यांवर पाण्याला येतात. पावसाळा नुकताच सुरू झाला होता आणि डबकी अजून कोरडीच, त्यामुळे घोडे दूर दूर पांगलेले. बघायचे तर वसंतात आणि सकाळी लवकर.

पठाराच्या कडेला ब्रुंकू मादुगुई आहे, नुरागेचा पूर्वज. बुटका, पसरट, आत गोल घुमट नाही, नुसते बोळ. घुमटाची युक्ती हातात येण्यापूर्वी लोक काय करत होते ते इथे दिसतं. पाटी लहान आहे, चुकते.

तिथून वीसेक किलोमीटरवर व्हिल्लानोव्हाफोर्रू. पोहोचायला एक वाजला आणि संग्रहालयाचं दार समोरच बंद झालं. दुपारी एक ते साडेतीन-चार या वेळात सार्डिनियातलं लहान गाव झोपतं. पुण्याच्या दुकानदारांनाही इथे काही शिकता येईल. या वेळात उघड्यावरचा बुरुज बघावा, छपराखालचं सगळं सकाळी किंवा चारनंतर ठेवावं. लहान संग्रहालयं सोमवारी बहुधा बंद असतात हेही लक्षात असू द्या. पेट्रोल पंपावर दुपारी माणूस नसतो आणि यंत्र कार्डावर मोठी रक्कम काही दिवस अडकवून ठेवतं, तेव्हा खिशात वीस युरोची नोट ठेवावी.

मग आधी जेन्ना मारिया, गावापासून किलोमीटरभर, चारशे मीटरच्या टेकडीवर. माएस्त्राले हा वायव्येचा वारा त्या दिवशी इतका होता की टोपी हातातच ठेवावी लागली. इथला दगड बसाल्ट नाही, टेकडीचाच फिकट, मऊ. कोपरे झिजून गोल झालेत, आणि बुरुजही सू नुराझीच्या मानाने खुजा उरलाय. गंमत पुढची. बुरुज ढासळल्यावर लोखंडयुगातल्या लोकांनी त्याच्या पडझडीतच घरं थाटली. नंतर कार्थेज आणि रोमच्या काळात इथेच देमेतेर या धान्यदेवीची पूजा सुरू झाली.

चारला गावातलं संग्रहालय उघडलं. १९८२ पासूनचं हे संग्रहालय ‘मोंते ग्रानातिको’च्या इमारतीत आहे. ती होती शेतकऱ्यांना बियाणं उसनं देणारी गावची धान्यपेढी. मोठ्या संग्रहालयात निवडक सुंदर वस्तू मांडतात, इथे एका खेड्याचं सगळं घर मांडलंय : साठवणीचे रांजण, दूध तापवायची भांडी, भाकरीवर उठवायचे मातीचे ठसे. आणि मग दिवे. देमेतेरला वाहिलेल्या मातीच्या पणत्या, फळ्यांवर रांगाच्या रांगा, बहुतेक तळहातावर मावणाऱ्या, बऱ्याचशांच्या तोंडाशी काजळी. राखणदार बाई एवढंच म्हणाल्या, “या विकत घेऊन वर चढत असणार लोक, खाली कुठेतरी दुकान असेलच.” धान्यपेढीत धान्यदेवीचे दिवे, हे मात्र कुणी ठरवून केलेलं नसावं.

रात्री कुलुर्जोनेस. बटाटा, पुदिना आणि मेंढीचं चीज भरलेली मोदकाची चुलतभावंडं, मुरड गव्हाच्या लोंबीसारखी. तळलेली सेआदास, आत चीज आणि वरून कडवट मध. तो मध पहिल्या घासाला आवडत नाही.

दिवस चौथा : सांता क्रिस्तिना आणि लोसा

दोन्ही ठिकाणं १३१ क्रमांकाच्या महामार्गालगत आहेत, एकमेकांपासून पाव तासावर.

पाऊलिलातिनोजवळच्या सांता क्रिस्तिनात लोक येतात ती पवित्र विहीर बघायला. बारव माहीत असलेला मराठी माणूस इथे जास्तच रेंगाळतो. पंचवीस पायऱ्या, खाली जाताना अरुंद होणाऱ्या. दगड इतके घडीव की काल बांधल्यासारखे, सांध्यात नख जात नाही. खाली उतरून मागे वळून बघा. छतालाही पायऱ्या आहेत, उलट्या, खालच्या पायऱ्यांशी समांतर. दोन्ही बाजूंच्या भिंतींत प्रत्येक थर किंचित पुढे काढला आहे आणि प्रत्येकाला सावलीची बारीक रेघ आहे. घुमटाच्या टोकाला एक भोक. विषुवदिनाच्या सुमारास ऊन जिन्यावरून थेट पाण्यापर्यंत येतं, तेव्हा रांग लागते. फोटोसाठी सकाळी दहाच्या आत किंवा ढगाळ दिवस बरा, कडक उन्हात अर्धा जिना काळा येतो.

बहुतेक जण इथूनच परत फिरतात. जवळच्या जुन्या ऑलिव्हच्या झाडांत एकबुरुजी साधा नुरागे आहे आणि नुरागेचा आराखडा शिकायला तोच उत्तम. नेहमीची मांडणी अशी : दारातून आत शिरताच उजवीकडे भिंतीत माणूस उभा राहील एवढा कोनाडा, म्हणजे आपली देवडी, डावीकडे जिना, समोर गोल खोली आणि खोलीत तीन कोनाडे. एकदा हे पाठ झालं की मोठ्या गुंतागुंतीच्या नुरागेतही मूळ बुरुज कोणता हे अंधारात सांगता येतं.

लोसाच्या नुरागेवर जास्त लिहीत नाही. तीन कोपऱ्यांचा, बसाल्टचा, तेरा मीटरचा, बाहेरून नारिंगी दगडफुलांनी मढलेला. संध्याकाळच्या उन्हात तो पेटल्यासारखा दिसतो, त्या वेळेलाच जावं. जिन्यात टॉर्च हवा. फोनचा चालतो, पण मग आधाराला एकच हात उरतो, म्हणून डोक्याला बांधायचा न्यावा.

दिवस पाचवा : सांतू आंतिने, तोर्राल्बा

शेवटच्या दिवसासाठी सर्वांत उंच राखून ठेवला होता. आजही साडेसतरा मीटर. नावातला ‘आंतिने’ म्हणजे सम्राट कॉन्स्टंटाइन, सार्डिनियात त्याला संत मानतात. मधला बुरुज आणि त्रिकोणी तटाचे तीन बुरुज. तटाच्या पोटात एकावर एक दोन मजल्यांचे बोळ आहेत, दोन्ही भिंती वर एकमेकींकडे झुकून मिटतात. जंग्यांतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या जमिनीवर पडतात, त्या मोजत चालायचं. इथे गाईडशिवाय फिरता येतं. मधल्या खोलीभोवतीही एक गोल बोळ फिरतो. एकाने आत बोलावं आणि दुसऱ्याने बोळात ऐकावं, आवाज कुठून येतो ते कळत नाही.

संग्रहालय गावात, चार किलोमीटरवर. तिकीट बुरुजावर घेतलं तर तेच तिथे चालतं. आधी संग्रहालय करावं, कारण दुपारची सुट्टी. तिथे रोमन रस्त्याचे मैलाचे दगड आहेत. सांतू आंतिनेत सापडलेला मातीचा ठसा, ‘पिंतादेरा’, बेटावर सगळीकडे भेटतो. चाकासारखी ती नक्षी एका बँकेच्या बोधचिन्हात गेली आहे. भाकरीवर उठवत असावेत असा अंदाज आहे.

जिना भिंतीच्या जाडीतून गोल फिरत पहिली खोली ओलांडतो, दुसरीच्या दारात नेतो आणि तिथून पुढे चढतो. तिसऱ्या खोलीचं फक्त तळकडं उरलंय. वर आभाळ. कालियारीतली प्रतिकृती आठवून बघितलं तर अजून एक घुमट, मग कंस, मग कठडा, एवढं इथून वर होतं. खालच्या सपाटीत आणखी नुरागी दिसतात, जवळचा ओएस रुळांच्या कडेला. सगळे बोडके. राखणदार आजोबांना विचारलं, वरचे दगड गेले कुठे? त्यांनी बोट दाखवलं ते शेतांच्या बांधांकडे. १८२० च्या फर्मानानंतर ज्याने जमिनीला कुंपण घातलं त्याची ती झाली, आणि रचून ठेवलेला दगड समोर होताच.